फरकांची वही कोणाकडे आहे?

स्लायगो हे आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं वीसेक हजार वस्तीचं शहर. बाहेरच्यांना ते कवी येट्स आणि बेनबल्बेनचा डोंगर यांमुळे माहीत असतं. नोकरीसाठी इथे आलेल्यांना ते आणखी एका कारणाने माहीत असतं: औषधं आणि वैद्यकीय साहित्य बनवणारे कारखाने. अ‍ॅबट आणि अ‍ॅबव्ही या दोन्ही कंपन्यांचे प्रकल्प इथे आहेत. दक्षिणेला दोन-अडीच तासांवर असलेल्या गॉलवेत मेडट्रॉनिक, बोस्टन सायंटिफिक अशी मोठी नावं आहेत. या पट्ट्यात काम करणारी मराठी मंडळी एकत्र जमली की पावसाबद्दल बोलून झाल्यावर गाडी कामावर येते, आणि उपकरणांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारं कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या सगळ्या मॉडेलांत सॉफ्टवेअर एकच आहे, थोडेफार फरक आहेत."

हा लेख त्या 'थोडेफार' या शब्दाबद्दल आहे. ते फरक नेमके किती, कुठे आणि कशासाठी आहेत हे जिथे लिहिलेलं नाही, तिथे 'सॉफ्टवेअर एकच आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे. आणि ते लिहून ठेवण्याचं काम प्रोग्रामरच्या सवडीवर सोडण्याचं नाही, ते व्यवस्थापनाचं काम आहे.

भाजणीचं उदाहरण

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रश्न जुनाच आहे. थालीपिठाची भाजणी आणि चकलीची भाजणी दिसायला सारख्याच. दोन्हींत भाजलेली धान्यं, डाळी, धणे-जिरे. पण थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरी असते, चकलीच्या भाजणीत तांदूळ जास्त असतो. डब्यावर नुसतं 'भाजणी' असं लिहिलं आणि दिवाळीत चुकीचा डबा उघडला, तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते किंवा तेलात विरघळते. दोष भाजणीचा नसतो. ती कशासाठी केली होती हे डब्यावर लिहिलेलं नसतं, एवढंच.

आता भाजणीऐवजी सलाईनमधून औषध सोडणारा पंप घ्या. समजा, एक कंपनी तीन पंप बनवते: प्रौढांच्या वॉर्डासाठी, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी आणि रुग्णाने घरी कमरेला लावून फिरण्यासाठी. तिन्हींत अलार्म आहे, बॅटरीची देखरेख आहे, पडदा आहे, औषधांची यादी आहे. हा झाला सामायिक गाभा. पण बाळाच्या पंपाला तासाला मिलिलिटरच्या अंशात औषध द्यावं लागतं, घरच्या पंपाला दिवसभर बॅटरी पुरवावी लागते. नळी तुंबली हे कळण्यासाठी दाबाची मर्यादा तिन्हींत वेगळी. शिवाय देशागणिक फरक: आयर्लंडमध्ये दीड हा आकडा 1.5 असा लिहितात, जर्मनीत 1,5 असा. स्वल्पविराम की टिंब हा फरक क्षुल्लक वाटतो, पण औषधाच्या मात्रेत तो चुकला तर दीडाचे पंधरा होतात.

अशा एकमेकांशी नातं असलेल्या उत्पादनांचं सॉफ्टवेअर एकत्रितपणे आखणं, म्हणजे समान काय आणि वेगळं काय हे आधी ठरवून मग बांधणं, याला सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत 'प्रॉडक्ट लाइन' म्हणतात. आपण त्याला उत्पादनांचं घराणं म्हणू.

लिमरिक ते कोथरूड

ही कल्पना नवी नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७६ साली 'प्रोग्रामांची कुटुंबं' या विषयावर एक निबंध लिहिला. त्यातला विचार थोडक्यात असा: जेव्हा अनेक प्रोग्रामांत इतकं साम्य असतं की एकेकाचा अभ्यास करण्याआधी त्यांच्या समान गुणांचा अभ्यास करणं फायद्याचं ठरतं, तेव्हा त्यांना कुटुंब मानावं. त्याआधी, १९७२ साली, त्यांनी सांगितलं होतं की जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकाच कप्प्यात बंद करून ठेवावा, म्हणजे तो बदलताना बाकीचं घर उकरावं लागत नाही. हेच पार्नास पुढे काही वर्षं आयर्लंडमध्ये, लिमरिक विद्यापीठात प्राध्यापक होते. लेरो हे आयर्लंडचं सॉफ्टवेअर संशोधन केंद्र २००५ मध्ये त्याच विद्यापीठात सुरू झालं, आणि प्रॉडक्ट लाइन या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद २००८ मध्ये लिमरिकलाच भरली. म्हणजे या विषयातलं ज्ञान आम्हा आयर्लंडवासीयांच्या अंगणातच आहे.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं औद्योगिक उदाहरण मात्र पुणेकरांना ओळखीचं वाटेल. ते आहे कमिन्सचं. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये सुरू झाली. कोथरूडचा कारखाना आणि १९९१ पासूनचं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हे नाव पुण्यात घरोघरी पोचलं. ही गोष्ट मात्र अमेरिकेतल्या मूळ कंपनीची आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. ट्रक, बोट, जनरेटर, खाणीतला डंपर अशा प्रत्येक कामाचं इंजिन वेगळं, आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळा गट लिहीत होता. तेव्हा सहा प्रकल्प चालू होते आणि आणखी डझनभर रांगेत होते. कंपनीच्या लक्षात आलं की इतके गट उभे करायला माणसंच पुरणार नाहीत. १९९४ मध्ये व्यवस्थापनाने चालू प्रकल्प थांबवले आणि आधी सामायिक गाभा बांधायला घेतला. पुढे चार सिलिंडरपासून अठरा सिलिंडरपर्यंत आणि सुमारे चार लिटरपासून १६४ लिटरपर्यंतच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर त्या गाभ्यातून निघू लागलं. वीसहून अधिक उत्पादनगट, हजाराहून अधिक उपयोग, आणि त्यांतलं सुमारे तीन-चतुर्थांश सॉफ्टवेअर गाभ्यातलं. जुळणी करून चालू बिल्ड मिळवायला जिथे वर्षभर लागायचं, तिथे ते काम तीन दिवसांवर आल्याची नोंद आहे.

हे उदाहरण सांगताना लोक शेवटचा आकडा सांगतात आणि मधलं वाक्य गाळतात: व्यवस्थापनाने चालू प्रकल्प थांबवले. गिऱ्हाईक दारात उभं असताना सहा प्रकल्प थांबवण्याचा अधिकार कुठल्याही प्रोग्रामरला नसतो. म्हणून मी म्हणतो की हा विषय मुळात व्यवस्थापनाचा आहे.

नाव तेच, गृहीतकं वेगळी

याउलट, जिथे समान भाग उचलला पण त्यामागची गृहीतकं उचलली नाहीत, तिथे काय झालं? दोन प्रसंग पाहू.

पहिला कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राचा. थेरॅक-२० या कॅनडात बनलेल्या यंत्रात धोक्याच्या वेळी किरण तोडणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलपं होती. पुढच्या थेरॅक-२५ मध्ये ती काढून सुरक्षिततेची जबाबदारी बरीचशी सॉफ्टवेअरवर टाकली आणि सॉफ्टवेअरचे भाग आधीच्या यंत्रांतून घेतले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा बसली आणि त्यातल्या काहींचा मृत्यू झाला. पुढे तपासात कळलं की त्यांतली एक चूक थेरॅक-२० मध्येही होतीच. तिथे ती घडली की फ्यूज उडायचा आणि यंत्र थांबायचं. रुग्णाला काही होत नसल्यामुळे ती चूक कोणाला चूक म्हणून दिसलीच नाही. 'हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं नीट चाललंय' हे वाक्य खरं होतं, पण ते कुलपांच्या भरवशावर खरं होतं. तो भरवसा कुठे लिहिलेला नव्हता.

दुसरा प्रसंग ४ जून १९९६चा. युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं आणि चार वैज्ञानिक उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ कडून घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जाई. त्या जागेत ३२,७६७ पर्यंतच मावतं. एरियान-४चा मार्ग असा होता की संख्या कधी तेवढी वाढत नसे, म्हणून तिथे राखण ठेवलेली नव्हती. एरियान-५चा आडवा वेग बराच जास्त होता. संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेली राखीव यंत्रणा त्याच सॉफ्टवेअरवर चालत होती. ती तर क्षणभर आधीच बंद पडली होती. आणि जो भाग कोसळला त्याची उड्डाणानंतर एरियान-५ला गरजच नव्हती. तो एरियान-४ला लागत होता म्हणून तसाच राहिला होता.

दोन्ही ठिकाणी माणसं हुशार होती आणि सॉफ्टवेअर आधी चाललेलं होतं. नव्हती ती नोंद: हा भाग कुठल्या अटींवर बरोबर आहे आणि नव्या उत्पादनात त्या अटी टिकतात का.

कॉपी-पेस्टची किंमत

आता व्यवहारात काय घडतं ते पाहू. नवं गिऱ्हाईक येतं, त्याला जुन्या उत्पादनासारखंच पण जरासं वेगळं हवं असतं. सोपा मार्ग म्हणजे अख्खा कोड उचलून नवी प्रत करायची आणि तिच्यात बदल करायचे. पहिल्या वेळी हा मार्ग खरोखर स्वस्त पडतो. गाभा आखून बांधण्याचा खर्च साधारण तिसऱ्या उत्पादनापाशी वसूल होतो असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. त्यामुळे एक-दोन उत्पादनं असलेल्या छोट्या कंपनीने कॉपी केली तर मी तिला दोष देणार नाही.

दुखणं पाचव्या-सहाव्या प्रतीनंतर सुरू होतं. पहिल्या प्रतीत एक चूक सापडते. ती बाकीच्या पाचांत आहे का? तीन प्रतींत तो भाग तसाच आहे, एकीत कोणीतरी नाव बदललंय, एकीत अर्धाच ठेवलाय. दुरुस्ती सहा वेळा करायची, सहा वेळा तपासायची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या घटकात मोठी सुरक्षा-त्रुटी निघाली, तेव्हा अनेक कंपन्यांचा वेळ दुरुस्तीपेक्षा 'हा घटक आपल्याकडे कुठे कुठे आहे' हे शोधण्यातच गेला.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक असते. सगळं एकाच गाभ्यात कोंबायचं आणि प्रत्येक फरकासाठी एक बटण ठेवायचं. हो किंवा नाही अशी परस्परांशी संबंध नसलेली ३३ बटणं असली तर त्यांची जुळणी ८५८ कोटींहून जास्त प्रकारे होते. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वेगळं उत्पादन देता येईल. इतक्या जुळण्या कोणीच तपासू शकत नाही. म्हणून कोणती बटणं एकत्र चालतात, कोणती नाहीत आणि कोणतं दुसऱ्याशिवाय लागूच होत नाही, हे आधी लिहावं लागतं. याच्या आकृत्या काढण्याच्या पद्धती १९९० पासून उपलब्ध आहेत. त्या अवघड नाहीत. वंशवृक्ष वाचता येणाऱ्याला त्या वाचता येतात.

फरक कुठे आहे याइतकंच तो कधी ठरतो हेही महत्त्वाचं. आपल्या पंपातली दाबाची मर्यादा कारखान्यात कायमची ठरली, की रुग्णालयाच्या तंत्रज्ञाने पंप बसवताना ठरवली, की रात्रपाळीच्या परिचारिकेने पडद्यावर बदलली? तिन्ही ठिकाणी कोड जवळजवळ तोच असेल. पण चूक होण्याची शक्यता आणि जबाबदार माणूस तिन्ही वेळा वेगळे आहेत. हा निर्णय कोडमधल्या एका ओळीत लपलेला असणं मला धोक्याचं वाटतं.

'हे सगळं कागदपत्रं वाढवणं आहे'

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात कागद आधीच भरपूर आहेत. २०२१च्या मे महिन्यापासून युरोपचा नवा वैद्यकीय उपकरण कायदा लागू आहे. सॉफ्टवेअरच्या जीवनक्रमासाठी आयईसी ६२३०४ हे मानक २००६ पासून आहे, आणि ते बदलांची, आवृत्त्यांची, बाहेरून घेतलेल्या घटकांची नोंद मागतं. मग आणखी एक वही कशाला?

कारण या नोंदी मुख्यतः एकेका उत्पादनाच्या फाइलीत राहतात. घराण्याची फाइल सहसा कोणाकडे नसते. प्रौढांच्या पंपाच्या फाइलीत चूक आणि तिची दुरुस्ती व्यवस्थित नोंदलेली असते. बाळाच्या पंपाची फाइल दुसऱ्या गटाकडे, कदाचित दुसऱ्या देशात असते. चांगला लेखापरीक्षक 'ही चूक दुसरीकडे आहे का' असं विचारतो, पण उत्तर बहुधा एखाद्या जुन्या माणसाच्या आठवणीतून येतं. तो माणूस नोकरी सोडून गेला की उत्तरही जातं.

इतर डिजिटल उत्पादनांसाठी युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यात उत्पादनात कोणकोणते सॉफ्टवेअर घटक आहेत याची यादी ठेवणं बंधनकारक आहे. हे चांगलंच आहे. पण यादीत घटकाचं नाव आणि आवृत्ती असते. तो कुठल्या अटींवर बरोबर आहे हे नसतं. एरियान-५च्या घटकांची यादी कितीही बारकाईने केली असती तरी तिच्यात आडव्या वेगाचं गृहीतक दिसलं नसतं.

पुण्याहून होणारं काम

या चर्चेत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. युरोपातल्या उत्पादनांच्या 'थोड्याफार फरकांचं' बरंचसं काम पुण्यात, हिंजवडीत किंवा बाणेरमध्ये होतं. मूळ आराखडा इथे ठरतो; देशागणिक, गिऱ्हाइकागणिक आवृत्त्या तिथे तयार होतात. त्यामुळे फरकांची खरी माहिती तिथल्या माणसांच्या डोक्यात असते. सहा प्रतींपैकी कुठल्या तीन जुळ्या आहेत हे त्यांना झोपेतही सांगता येतं.

पण कंत्राटाची रचना बघा. प्रत्येक आवृत्ती हा वेगळा प्रकल्प, आणि पैसे माणसांच्या तासांवर. सहा प्रतींच्या जागी एक गाभा आणि सहा छोटे फरक केले, तर पुढच्या वर्षीचे तास कमी होतात. असं सुचवणाऱ्याला ना इकडून बक्षीस, ना तिकडून. गिऱ्हाईक म्हणतं, 'सांगितलं तेवढं करा.' आपला साहेब म्हणतो, 'बिल कमी होईल असं काही काढू नकोस.' यात कोणी खलनायक नाही. पैशाचा ओघ चुकीच्या दिशेला आहे, आणि त्याची किंमत शेवटी पंप वापरणाऱ्या रुग्णालयापर्यंत पोचते.

मग काय करावं?

माझ्या मते चार गोष्टी केल्या तर बराच फरक पडेल.

एक, गाभ्याला नावानिशी मालक हवा. ज्याच्याकडे गाभा आहे त्याच्याकडे 'नाही' म्हणण्याचा अधिकार आणि स्वतःचं बजेट हवं. उरलेल्या वेळात सांभाळायचा गाभा वर्षभरात कोणाचाच राहत नाही.

दोन, फरकांची एक वही हवी. प्रत्येक फरकापुढे चार रकाने: तो काय आहे, कोणत्या उत्पादनांत आहे, कोण आणि कधी ठरवतो, आणि कशासाठी आहे. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि तोच सर्वांत उपयोगाचा ठरेल. सुरुवातीला एक साधी स्प्रेडशीट पुरते.

तीन, वेगळं ठेवण्याचा निर्णयही तितकाच जाणूनबुजून घ्यावा. बाळाच्या पंपाचा मात्रा मोजणारा भाग प्रौढांच्या पंपापासून वेगळा ठेवणं शहाणपणाचं असू शकतं, कारण तिथली गृहीतकं वेगळी आहेत. अशी प्रत करायला माझी हरकत नाही. पण ही प्रत आहे, ती कुठून आली आणि का वेगळी ठेवली, हे वहीत असलं पाहिजे.

चार, कंत्राटात आवृत्त्या कमी करण्याचे पैसे असावेत. सहाच्या तीन करून देणाऱ्या गटाला वाचलेल्या खर्चातला वाटा मिळाला, तर पुण्यातल्या त्या अनुभवी माणसांच्या डोक्यातली माहिती आपोआप कागदावर येईल.

आपल्यापैकी अनेक जण या साखळीच्या दोन्ही टोकांना बसलेले आहेत: कोणी इथे आयर्लंडमध्ये मंजुरीच्या कागदांवर सही करतं, कोणी तिकडे पुण्यात सातवी आवृत्ती तयार करतं. दोन्ही टोकांना एकच भाषा बोलणारी माणसं असणं हा मोठा फायदा आहे, आणि तो आपण फारसा वापरत नाही. पुढच्या बैठकीत कोणी 'सॉफ्टवेअर एकच आहे, थोडेफार फरक आहेत' असं म्हटलं, तर त्या फरकांची यादी मागा. ती पाच मिनिटांत समोर आली तर उत्तम. नाही आली, तर ती तयार होईपर्यंत पुढच्या आवृत्तीचं काम सुरू करू नका.